मागून आलेली संख्या

दुसऱ्यानं केलेलं काम मला जसंच्या तसं ठेववत नाही. आईनं घडी केलेल्या चादरी मी पुन्हा उलगडून घडी करते, पाहुण्यांनी पुसलेली ताटं पुन्हा पुसते. घरचे म्हणतात, हिला बसवून ठेवा, काही हात लावू देऊ नका. आठवीत असताना मात्र या खोडीचा मला भारी अभिमान होता, कारण गणितात ती कामाला यायची.

आमच्या गावची शाळा आठवीपर्यंतच. गाव दारव्ह्यापासून आत. वर्गात गणिताच्या मागे लागलेल्या आम्ही दोघीच, मी आणि माझी मैत्रीण. ती कमालीची चपळ. मी प्रश्न अर्धा वाचते न वाचते तोवर तिचं उत्तर तयार असायचं, आणि बहुतेक वेळा तिनंही प्रश्न अर्धाच वाचलेला असायचा. मी हळू, पण एकदा लिहिलं की पुन्हा बघायची गरज नाही. गणिताचे सर म्हणायचे, "एकीले घाई सुटत नाई, दुसरीले शंका सुटत नाई. बसा एकाच बाकावर."

यवतमाळला, लोहाऱ्याच्या बाजूला, एक निवासी शाळा होती. ती आठवीच्या मुलांसाठी गणिताची स्पर्धा घ्यायची. आधी तालुक्याला, मग तिथं. पहिल्या येणाऱ्या जोडीचं नववी-दहावीचं शिक्षण, राहणं, खाणं, सगळं त्या शाळेकडे.

खरं सांगायचं तर मला त्या बक्षिसाची गरज नव्हती. वडिलांचं गावात कृषी केंद्र होतं, दुकान बरं चालायचं, आणि नववीपासून मी यवतमाळला आत्याकडे राहणार हे ठरलेलं होतं. मैत्रिणीचं मामाकडे ठरलं होतं. मामाचं गाव दिग्रसच्या पुढे, फाट्यावरून आत. तिथं हायस्कूल होतं, पण मामीला लागोपाठची तीन लेकरंही होती. तिची आई म्हणायची, पोरगी शिकेल आणि मामीला हातभारही होईल. "हातभार आधी, शिकनं मंग," मैत्रीण मला म्हणाली होती. तिनं आईकडून एवढं मात्र कबूल करून घेतलं होतं की पहिली आली तर तिला त्या शाळेत जाऊ द्यायचं. दुसरी आली तर विषयच काढायचा नाही.

स्पर्धेची शेवटची फेरी जोडीची असायची, आणि तिची रीत मुलखावेगळी होती. दोघींनी एकामागे एक बसायचं, तोंडं एकाच दिशेला. मागचीला एक प्रश्न, पुढचीला दुसरा. मागचीनं आपलं उत्तर चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवायचं, आणि ती संख्या वापरून पुढचीनं आपला प्रश्न सोडवायचा. तिच्या कागदावर छापलेलंच असायचं, 'मागून आलेली संख्या त माना.' मागचीचा प्रश्न काय होता हे पुढचीला कळत नाही. चिठ्ठी एकदाच. बोललात, वळलात, खाकरलात तरी जोडी बाद.

मैत्रीण मागे बसायची, मी पुढे. शाळेत सराव करताना तिची चिठ्ठी आली की मी आधी चिठ्ठीकडेच संशयानं बघायची. माझ्या गणितात ती संख्या नीट बसली नाही, की मी सरळ बदलून टाकायची. हिनं एक जास्त धरला असेल, ही निम्मं करायला विसरली असेल, असा अंदाज बांधायची, आणि माझा अंदाज बहुतेक खरा निघायचा. मग ती मागून माझ्या पाठीत पट्टी मारायची आणि हसायची. आमचं दोघींचं गणित असं मिळून सुटायचं.

तालुक्याला दारव्ह्यात मात्र मी तोंडघशी पडले. तिचा आकडा मला पटला नाही, मी बदलला, आणि तिचाच बरोबर होता. उत्तरच अपूर्णांकात होतं. बाकीच्या गुणांवर आम्ही कशाबशा पुढे सरकलो. गावात एसटीतून उतरल्यावर मैत्रीण म्हणाली,

"माहा आकडा तुले पटत नाई तं मले मांगं बसवते कायले? तूच बस ना दोन्ही बाकांवर."

मला ते फार लागलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. सरांनीही मला झापलं. मधल्या दिवसांत शाळेचं गॅदरिंग आलं, आम्ही दोघी नाचात, त्यामुळे जोडीचा सराव झालाच नाही. यवतमाळला जायच्या सकाळी दारव्ह्याहून काळीपिवळी जीप धरली, सर पुढे ड्रायव्हरशेजारी, आम्ही मागे दाटीवाटीनं. मी तिच्या कानाशी लागून म्हटलं, "आज मी तुहा आकडा नाई बदलवणार. आईची शप्पत."

ती खिडकीबाहेर बघत होती. "हं," म्हणाली.

दुपारपर्यंत शेवटच्या फेरीत मोजक्या जोड्या उरल्या, आणि शेवटच्या प्रश्नाला आम्ही आणि यवतमाळच्याच एका शाळेतली दोन मुलं बरोबरीत आलो. ती मुलं एकमेकांकडे बघून हसत होती. पांढरेशुभ्र बूट, गळ्यात ओळखपत्रं. मला त्यांचा उगाच राग आला. सर सभागृहाच्या मागच्या भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी दोन्ही हात खाली दाबून 'सावकाश' अशी खूण केली.

पाच मिनिटं होती. घंटा झाली, कागद उलटा केला.

एका आयताची लांबी रुंदीच्या दुप्पट आहे. त्याची परिमिती 'त'च्या चौपट आहे. तर क्षेत्रफळ किती?

इतकंच. चिठ्ठीची वाट बघत मी मांडून ठेवलं. रुंदी म्हणजे 'त'चे दोन तृतीयांश, लांबी चार तृतीयांश. मनात म्हटलं, सोपं आहे. तीनच्या पाढ्यातली संख्या येईल, भाग जाईल, झालं. मागे बाकाच्या दांडीवर तिचा पाय वाजत होता. ती विचार करताना पाय हलवायची. शंका असली की जास्तच.

चिठ्ठी आली. मी उघडली. तेरा.

तीननं तेराला भाग जात नाही. मी चिठ्ठी उलटी करून पाहिली, जणू मागच्या बाजूला खरा आकडा असेल. तेराच होता, तिच्या तिरक्या अक्षरात, खाली रेघ मारलेला. तिनं खाली रेघ मारली म्हणजे तिला खात्री होती.

कोपऱ्यात मी बारा धरून करून पाहिलं. रुंदी आठ, लांबी सोळा, क्षेत्रफळ एकशे अठ्ठावीस. सगळं कसं अलगद बसलं. मला अगदी आतून कळत होतं की हेच आहे. हिनं कुठंतरी एक जास्त मोजला. हिची ही सवय मला पाठ आहे. पेन्सिल एकशे अठ्ठावीसकडे निघालीसुद्धा होती.

पण दारव्ह्यातही मला असंच आतून कळलं होतं.

शेजारच्या रांगेतल्या पुढच्या मुलानं उत्तर लिहून कागद पालथा केला आणि हात बांधून बसला. मी कान देऊन मागचा पाय ऐकायचा प्रयत्न केला. तो वाजायचा थांबला होता. मागे इतकं शांत होतं की ती बसली आहे की उठून गेली, तेही कळेना. माझ्या मनानं घेतलं, हिला आता काहीच शंका उरलेली नाही. निवांत बसली आहे. आणि मी इथं पुन्हा हिचा आकडा खोडायला निघाले. हिचं नववीचं सगळं या कागदावर, आणि माझा काय हक्क? तिचं आयुष्य, तिचा आकडा. आईची शपथ घेतली ती कशाला?

एकशे अठ्ठावीस मी खोडलं. तेराचा वर्ग एकशे एकोणसत्तर. आठनं गुणलं, खाली नऊ लिहिले. एक हजार तीनशे बावन्न छेद नऊ. इतकं कुरूप उत्तर मी जन्मात लिहिलं नव्हतं. घंटा झाली तेव्हा मनाला वाटत होतं, आज पहिल्यांदा मी शहाण्यासारखी वागले.

मग परीक्षकबाईंनी माईकवर मागच्या बाकावरचा प्रश्न वाचला. तो मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

एका शेतात कपाशीच्या शहाण्णव ओळी आहेत. कपाशीच्या दर आठ ओळींनंतर तुरीची एक ओळ आहे. शेतातली पहिली ओळ कपाशीची व शेवटची तुरीची आहे. तर तुरीच्या एकूण ओळी किती?

बारा. पुढच्या बाकाचं उत्तर, एकशे अठ्ठावीस.

टाळ्या झाल्या. त्या मुलांनी एकमेकांना मिठी मारली. मी मागे वळले, आता वळायला परवानगी होती. मैत्रीण माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला वाटलं होतं तसं रडू नव्हतं. तिला नुसतं नवल वाटत होतं.

सरांनी आम्हाला बाहेर आलूबोंडे घेऊन दिले. "जाऊ द्या पोरीहो, जिल्ह्यात दुसऱ्या आल्या, कमी हाये काय," असं म्हणत स्वतःच डोळे पुसले. तिनं आलूबोंडा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. जीपमध्ये बसल्यावर, लोहारा मागे पडल्यावर, ती म्हणाली,

"काहून नाई बदलवला वं?"

"म्हंजे?" मी विचारलं.

"चिठ्ठी देल्ली अन् मंग प्रश्नाची खालची ओळ वाचली मी," ती म्हणाली. "आमच्या वावरात दोन्ही धुऱ्यांले तूर राह्यते. पह्यली ओळ तुरीची, शेवटची बी तुरीची. शेत म्हनलं की मले आमचंच दिसलं. पुढचं वाचाची गरजच नाई वाटली."

"मंग?"

"मंग काय. मले वाटलं तू बदलवशीनच."

"मी शप्पत घेतली होती तुह्यासमोर!"

"तू तं रोजच काई ना काई म्हनते."

"अन् तुहा पाय? पाय काहून थांबला मंग?"

"भेव वाटून राह्यलं होतं. म्हनलं पाय वाजला, तुले समजलं, तं खूण केली म्हून बाद करतीन आपल्याले. म्हून दाबून धरला." मग हळूच म्हणाली, "पन तू बदलवनार हे मले पक्कं होतं. मी तं देवाचं नाव बी नाई घेतलं."

मला तिचा इतका राग आला की जीप थांबवून उतरावंसं वाटलं. स्वतःचा तर त्याहून जास्त. सगळ्या जन्मात एकदाच मी दुसऱ्याचं काम जसंच्या तसं ठेवलं, आणि ते नेमकं तिचं, नेमकं त्या दिवशी. मी तिच्यावर विसंबले आणि ती माझ्या खोडीवर विसंबली होती. शेवटी रडले ते मीच. मोठमोठ्यानं, शेजारच्या बायका विचारायला लागल्या, पोरीला काय झालं म्हणून. मैत्रीण माझ्या पाठीवर हात फिरवत होती आणि त्यांना सांगत होती, "काई नाई, पोट दुखून राह्यलं तिचं." बाहेर वावरांमध्ये तुरी काढणीला आल्या होत्या. ती त्यांच्याकडे बघत होती. प्रत्येक वावराचा धुरा, कडेचा बांध, बघत होती, हे मला कळत होतं. काहींच्या धुऱ्याला तूर होती, काहींच्या नव्हती.

घरी तिनं विषय काढला नाही. ठरलंच होतं तसं.

शाळा सुरू व्हायच्या आधी मामा तिला न्यायला आला. मोटारसायकलवर पुढे पिशवी, मागे ती. मी निरोप द्यायला गेले तेव्हा मामा तिच्या वडिलांशी बोलत बाहेर उभा होता. मी तिला माझ्याकडचं स्पर्धेच्या प्रश्नांचं पुस्तक दिलं. तिनं ते पिशवीत सगळ्यात खाली, कपड्यांखाली घातलं.

"सोडवशील ना?" मी विचारलं.

"सोडवीन," ती म्हणाली. "पन तिथं माहा आकडा बदलवनारं कोन हाये?"

मी म्हटलं, मी आहे ना. तू फोनवर नुसतं उत्तर सांगत जा, मी बघते. तिनं मान हलवली. मामाच्या घरी फोन एकच होता, आणि तो मामाच्या खिशात असायचा. त्यावरून कधी कुणाचं उत्तर आलं नाही.