ग्रामितोनकाकांभोवती एक फेरी

आमच्या वसाहतीची घरं ज्याने कागदावर काढली, त्याला बहुतेक वाटलं असावं की युद्धातून पळून आलेली माणसं मरत नाहीत. खातात, झोपतात, फोटो काढायला रांगेत उभी राहतात, बस्स!

बांधकामाआधी त्याच्या हाताखालची पोरं विचारपूस करायला आली होती. घरात माणसं किती, खाटा किती, शेगडी कुठल्या बाजूला हवी. एतेरीमावशीने त्यांना गरम पाव, चीज सगळं खाऊ घातलं. पण तुमच्यातलं कुणी गेलं तर कुठे ठेवता, हे एकानेही विचारलं नाही. परदेशी असती तर मी समजून घेतलं असतं. ही आपलीच, राजधानीची, तिबिलिसीची पोरं. त्यांच्या घरचे आजी-आजोबा काय अमर आहेत?

फेब्रुवारीत मावशीचे यजमान, ग्रामितोनकाका गेले. लियाख्वीच्या खोऱ्यातल्या त्यांच्या जुन्या घरात शवपेटी मधोमध ठेवून, भिंतीच्या कडेने बायका बसवूनसुद्धा निरोपाची फेरी घालणाऱ्या माणसांना भोवती आरामात फिरता यायचं. इथे पेटी मधोमध ठेवली तर माणूस अंग चोरूनही पलीकडे जाईना. भिंतीला लावली तर फेरी कशी घालायची? अर्ध्यातून परत फिरायचं आणि मेलेल्याला पाठ दाखवायची?

“त्यांनी अख्ख्या गावातल्या मेलेल्यांभोवती फेऱ्या घातल्या गं,” मावशी मला म्हणाली. “त्यांच्याभोवती कुणी फिरायचं नाही?”

मी तिला घेऊन समाजमंदिरात गेले. नाव समाजमंदिर, आणि कुलूप बारा महिने. आत रंगीत खुर्च्या, मोठाल्या काचा. पाहुणे आले की उघडतं. किल्ली वसाहतीचा कारभार बघणाऱ्या बोंदोसाहेबांकडे.

“इथे प्रेत ठेवता येणार नाही, बाई,” साहेब म्हणाले. “ही जागा आनंदाच्या कार्यक्रमांसाठी आहे.”

“आमच्यासाठी बांधलीय ना?” मी विचारलं.

“तुमच्यासाठीच. म्हणून तर जपतोय. अंगणात तंबू टाका की, मी देतो.”

मावशीचा आवाज चढला. “पळून आलो तेव्हा तंबूतच ठेवलंत त्यांना. आता मेल्यावरही तंबूतच?”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजही त्या काचा दिसल्या की दगड उचलावासा वाटतो.

आम्ही परतलो तर शाकरो मावशीच्या दारात उभा. जोडघराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात हा एकटाच राहतो, बायको युद्धाआधीच गेलेली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि घरात जाऊन घण घेऊन आला.

“वहिनी, सरक जरा.”

“अरे, काय करतोस?”

“ग्रामितोनचा खोकला इतकी वर्षं उशाशी ऐकतोय मी. ही काय भिंत आहे? घोरलो की तूच पलीकडून ठोकतेस ना?”

तशा वेळीही मावशीच्या तोंडून हसू फुटलं. मग तिनेच कपाट बाजूला ओढलं. संध्याकाळपर्यंत मधली भिंत गेली आणि दोन्ही खोल्यांची मिळून एक झाली. आम्ही बायकांनी धूळ झाडली, पेटी मधोमध ठेवली. लोक मावशीच्या दारातून येत, काकांभोवती पूर्ण फेरी घालत आणि शाकरोच्या दाराने बाहेर पडत. अख्खी वसाहत आली. बोंदोसाहेबही आले, काळा कोट घालून! पडलेल्या भिंतीकडे बघून तोंड उघडणार, एवढ्यात मागच्या रांगेने त्यांना पुढे ढकललं. तेही मुकाट्याने फिरून गेले.

दफन झालं, पाहुणे पांगले. काही दिवसांनी शाकरो विटा आणि सिमेंट घेऊन आला. “वहिनी, उद्या भिंत उभी करतो. दोघांनाही आडोसा होईल.”

ही तीच बाई, जी ‘परत तर जायचंच आहे’ म्हणत इथल्या अंगणात एक द्राक्षवेलसुद्धा लावायला तयार नव्हती. तिने एक वीट उचलून त्याच्या हातात परत दिली.

“एक पडदा लाव, पुरे,” ती म्हणाली. “माझ्या वेळी पुन्हा फोडायला तुझ्या हातात जोर राहील का?”