तुर्क फळ्यावर मावले नाहीत

फेरीबोटीवर आमची जीप चढली तशी मी रडायला लागले, आणि अब्बांनी विचारलं, "ऱ्हासाची कारणं पाठ आहेत ना?"

मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. सोळा वर्षं इतिहास शिकवत होते, तोही अब्बांच्याच शाळेत, मास्तर म्हणून ते निवृत्त झाल्यावर त्यांच्याच वर्गावर. तरी मस्कतला निघालेल्या मुलीला त्यांना हेच विचारायचं होतं. मी नाक पुसत साम्राज्याच्या ऱ्हासाची पाचही कारणं म्हणून दाखवली. दुबळे वारस, अवाढव्य विस्तार, रिकामा खजिना, सरदारांची फूट, परकी आक्रमणं. तोवर दाभोळचा धक्का आला. माझी जीप दापोलीच्या रस्त्याला लागली आणि ते त्याच बोटीने परत गेले. मागे वळून बघितलं तर ते बोटीच्या खलाशाशी काहीतरी बोलत होते. मला राग आला होता, हे आता सांगून टाकते.

जे मागे राहिलात ते अजून विचारता, की चांगली नोकरी सोडून गेलीस कशाला. नोकरी मी सोडली नाही. शाळाच संपली. दर जूनमध्ये पट घटत होता, मुलं तालुक्याच्या इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बसमध्ये चढत होती, आणि आम्ही भिंतींना रंग देत होतो, स्नेहसंमेलन करत होतो. मग एक दिवस कागद आला आणि मी अतिरिक्त ठरले. म्हणजे सरकार मला दुसऱ्या कुठल्यातरी शाळेत बसवणार, ती जिल्ह्याच्या कुठल्या टोकाला असेल ते अल्लाला माहीत. नवरा बारा वर्षं मस्कतमध्ये गाड्यांच्या पार्टच्या दुकानात होता, चौघांच्या खोलीत राहत होता. तो फोनवर एवढंच म्हणाला, "ये आता. खलास कर तिकडचं."

तिथल्या एका भारतीय शाळेने मला घेतलं, पण सहा महिन्यांच्या बोलीवर. सहा महिन्यांनी सुपरवायझर मॅडम वर्गात मागे बसून धडा बघणार आणि मग ठरवणार. पक्की झाले नाही तर मी परत गावाला, आणि तो पुन्हा चौघांच्या खोलीत. मस्कतच्या अल मवालेह भागातल्या आमच्या दोन खोल्यांत मी पडदेसुद्धा लावले नव्हते. लावले आणि काढायला लागले तर, म्हणून.

धडा कोणता येईल याची मला धास्ती होती, आणि तोच आला. ऑटोमन तुर्क, इराणचे सफावी, आपले मुघल, चीनचे मिंग आणि त्यांच्यानंतरचे मांचू. सगळ्यांचा उदय आणि अस्त, चाळीस मिनिटांत, इंग्रजीतून.

मुघलांशी माझं जुनं वाकडं आहे. लहानपणी तो धडा आला की अख्खा वर्ग माझ्याकडे वळून बघायचा, जणू आग्र्याहून मला दर महिन्याला मनिऑर्डर येते. एकदा रडत घरी गेले. अब्बा हसले. "आपला त्यांच्याशी काय संबंध? तुझा पणजा तांडेल. गलबतात लाकूड नि कौलं भरून ओमानच्या बंदरांत, मत्रहला, सूरला जायचा, खजूर घेऊन यायचा. त्याला कुठल्या बादशहानं कधी चहाला बोलावलं नाय." दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं. तरी पुढे शिक्षिका झाल्यावरही त्या पानाशी माझा आवाज जरा चढायचा, उगाच स्पष्टीकरण दिल्यासारखा.

मॅडम आल्या, मागच्या बाकावर बसल्या, वही उघडली.  आणि घाबरलेलं माणूस जे हातात पक्कं बसलेलं असतं तेच करतं, तसं मी केलं. भारताचा नकाशा काढला. अब्बांनी शिकवल्यासारखा, एका रेघेत, हात न उचलता, गुजरातच्या कानापासून कन्याकुमारीपर्यंत आणि वर बंगालपर्यंत. मुलांनी ओह म्हटलं. फळा भरून गेला होता.

मग मी सफावी दाखवायला डावीकडे गेले आणि इराण जेमतेम चार बोटं उरला. तुर्क तर फळ्यावर मावलेच नाहीत. इस्तंबूल मी भिंतीवर दाखवलं, स्विचबोर्डच्या जरा खाली. पहिल्या बाकावरच्या रियाने हात वर केला. "मिस, व्हेअर आर वी?"

मी फळ्याकडे बघितलं. ओमान कुठेच नव्हतं. सोळा वर्षं मी अरबी समुद्र ही फळ्याची कड म्हणूनच काढली होती. गावी कधी कोणी विचारलं नव्हतं, कारण गावी सगळे त्या कडेच्या उजवीकडेच बसलेले होते.

मी डस्टर उचललं. तो नकाशा पुसताना अब्बांचा हात पुसल्यासारखं वाटलं, हे खरं. मग मी आधी समुद्र काढला, मधोमध. त्याच्या डावीकडे ओमान, वर इराण, डाव्या कोपऱ्यात तुर्क, उजव्या कडेला भारत. चीन शेजारच्या नोटीस बोर्डावर गेला. आणि मला बोलता यायला लागलं. इंग्रजी मोडकी होती, मध्ये हिंदी घुसत होती, पण थांबत नव्हते. तोफा कोणी आधी ओळखल्या ते सांगितलं. सफावींच्या राजधानीला, इस्फहानला, वेढा पडला तेव्हा आत शाह काय करत बसला असेल ते विचारलं. मिंगांची मोठाली जहाजं याच किनाऱ्याला, ओमानच्या दक्षिणेला धोफारपर्यंत आली होती आणि मग दरबारानेच ती थांबवली, हे ऐकून एक मुलगा बाकावरून उठलाच.

मग रियाने पुन्हा विचारलं, की साम्राज्य पडतंय हे आतल्या लोकांना कळतं का.

पुस्तकात याचं उत्तर नाही. मी माझ्या शाळेचं सांगितलं. पट घटत होता तेव्हा आम्ही भिंतींना रंग देत होतो, म्हटलं. कळतं, पण रंग द्यायचा थांबवत नाही.  आणि ते बोलल्यावर मला एकदम हलकं वाटलं. तो कागद आल्यापासून वाटत होतं की शाळा माझ्या हातून गेली, अब्बांनी सांभाळलेली मी घालवली. त्या दिवशी पाचही साम्राज्यं फळ्यावर आणि नोटीस बोर्डावर ओळीने पडलेली होती, आणि मधल्या समुद्रातून गलबतं चाललीच होती. माझा पणजा त्यांतल्याच एकावर होता. बादशहा बुडाला म्हणून त्याचा खजूर थांबला नव्हता.

घंटा झाल्यावर रिया जवळ आली. तिचे आईबाबा पुण्याचे, पण मराठी तिला अडखळत येते. "मिस, तुमचा घर या मॅपवर किधर आहे?" मी उजव्या कडेवर मार्करने एक ठिपका दिला. मॅडम वही मिटून उठल्या, मला मल्याळी हिंदीत म्हणाल्या, "मॅप को फोटो खींच के रखो. अगले साल भी यही लगेगा." पुढच्या वर्षी. मला तेवढंच ऐकू आलं.

संध्याकाळी पडदे लावले. नवरा स्टुलावर चढला होता आणि मी खालून वाकडं सरळ सांगत होते. मग अब्बांना फोटो पाठवला आणि फोन केला. नोकरीचं सांगितलं. ते हं म्हणाले. मग भीत भीत सांगितलं, की तुमचा नकाशा पुसला, समुद्र मध्ये घेतला, आपण कडेला गेलो.

तिकडे चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला. फोटो मोठा करून बघत असणार.

"बरा आलाय," ते म्हणाले. "माझ्या आज्याला हाच नकाशा ठाऊक होता. मीच शाळेतला शिकलो." आणि मग, मास्तरच ते, "पण ठिपका चुकला. खाडीचं तोंड तू वर नेलंस. आपण जरा खाली."

घर म्हणजे काय असं आता कोणी विचारलं, इकडचं की तिकडचं, तर मी पूर्वीसारखी अडखळत नाही. मी दोन्हीकडे राहते, मध्ये पाणी आहे आणि ते कायम तिथे होतं. दुसऱ्या दिवशी मी शिपाई यायच्या आधी शाळेत गेले. फळा अजून पुसलेला नव्हता. ठिपका बोटाने पुसला आणि जरा खाली दिला.