रेषेबाहेरचे ठिपके

कुंभकोणमात हत्तीपायाचं कुणाला नवल वाटत नसे, आणि त्याचाच मला संताप यायचा. गोष्ट पन्नासच्या दशकातली. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचो. माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, उजवा पाय सोळाव्या वर्षी सुजला तो सुजलाच. ठरलेलं लग्न मोडलं, ती आमच्याकडेच राहिली. आता माझी लेक नऊ वर्षांची होती. रोज संध्याकाळी मी तिचे घोटे चाचपायचो. बायको म्हणायची, पोरीला घाबरवू नका. पण जिवाला चैन नव्हतं.

रोग डासांमुळे पसरतो, डास सांडपाण्याच्या खड्ड्यांत वाढतात, आठवड्यातून एकदा रॉकेल शिंपडलं की अळ्या मरतात. एवढं साधं! पण खड्डे परसात, आणि परसात परक्या पुरुषाला कोण येऊ देणार? आळीतल्या बायकांनी, तिथे त्यांना मामी म्हणतात, मला दारातूनच वाटेला लावलं.

तोड आक्कानं काढली. कोलम, म्हणजे तिथली तांदळाच्या पिठाची रांगोळी, ती असा काढायची की शेजारणी शिकायला यायच्या. आधी ठिपके मांडायचे, मग रेघ प्रत्येक ठिपक्याला वळसा घालून परत सुरुवातीला आणायची. ती म्हणाली, बायकांनीच खड्ड्यातलं पाणी पांढऱ्या वाडग्यात घेऊन बघावं. अळ्या दिसल्या तर शुक्रवारच्या कोलमात एक ठिपका रेषेबाहेर सोडावा, फार दिसल्या तर तीन. मी शाळेला जाताजाता मोजावं नि त्या घरी रॉकेल पाठवावं.

काय सांगू! महिनाभरात आळीचा नकाशा माझ्या वहीत उतरला. गटार जिथे तुंबायचं त्या टोकाला ठिपके दाट. नकाशा बघून नगरपालिकेनं गटार उपसलं. मी हवेत होतो.

मग आडी, म्हणजे तिथला आषाढ, लागला आणि सगळी आळी एकदम निर्मळ. एकाही दारात सुटा ठिपका नाही. डास मात्र गुणगुणत होतेच. बायका खोटं बोलतात, मी म्हणालो. आक्का म्हणाली, खोटं कसलं, आडीतल्या शुक्रवारी देवी दारी येते, तिला चुकलेला कोलम कोण दाखवील? लाज वाटते रे त्यांना. मी कसला ऐकतोय! साऱ्या अडाणी, म्हणून मोकळा झालो.

पुढच्या शुक्रवारी शाळेला निघालो तर आमच्याच दारात शेजारणी गोळा झालेल्या. आक्कानं उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत कोलम घातला होता, आणि भोवती सुटे ठिपके, मोजवेनात इतके. माझं डोकंच फिरलं. मास्तराच्या दारात हे? पुसायला मी पाय उचलला.

आक्का पायरीवर सुजका पाय पसरून बसली होती. "पूस हवं तर," ती म्हणाली. "आपल्या खड्ड्यात मी वाडगं काल पहिल्यांदा बुडवलं. तू साऱ्या आळीला विचारलंस. आपल्या परसात एकदा तरी गेलास?"

नव्हतो गेलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. लेक झोपायची त्या खिडकीखालीच आमचा खड्डा होता. आत धावलो, रॉकेलचा डबा उचलला तर रिकामा. सगळं आळीत वाटून झालं होतं. मान वर करवेना.

समोरच्या मामी घरी गेल्या नि मीच पाठवलेली बाटली घेऊन आल्या. "आमच्याकडचं पुढल्या आठवड्यात बघू," त्या म्हणाल्या. "आधी पोरीच्या खिडकीखाली ओता."