हौसामावशीचं ठेसन

पेण ते रोहा ही गाडी म्हणजे हौसामावशीची हक्काची झोप. सुकटीची पाटी पायाशी ठेवायची नि डोळे मिटायचे. रोह्याला गाडीच संपते, मग जागं राहायचं कशाला? उतरायचं नि स्टेशनाबाहेर सुकट विकत बसायचं.

त्र्याण्णव साली रूळ पुढे महाडजवळच्या वीरपर्यंत गेले, ते मावशीच्या गावीही नव्हतं. पहिल्याच दिवशी ती जागी झाली ती थेट वीरला, ढोलताशांच्या दणक्यानं. गाडी बघायला अख्खं गाव लोटलं होतं. पहिली उतारू म्हणून हार पडला तो मावशीच्याच गळ्यात, नि पाटी बघता बघता रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी रोह्याला शेजारणीनं तिला गदागदा हलवलं. "ऊठ गो, रोहा आला!"

मावशीनं एकच डोळा उघडला. "तुझा आला असंल. माझं ठेसन अजून पुढं हाय."