रस्त्याच्या मधोमध ओढलेली रेघ

जगदेवराव शितोळे आमचे शेजारी. मधली भिंत एकच, त्यामुळे ते खोकले तरी मला कळतं आणि माझ्या कुकरची शिट्टी त्यांना. शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. देवासच्या आमच्या गल्लीत कुणाला मांडव घालायचा असो की जिना काढायचा, आधी मास्तरांकडून नकाशा. मोबदला म्हणून फक्त चहा घेतात आणि सल्ला न मागता देतात. हा शेवटचा गुण मला कधीच आवडला नाही.

गल्लीचं दुखणं जुनं. मधून रस्ता, रस्त्याच्या कडेने उघडी नाली. अलीकडची घरं, म्हणजे आमची, एका वॉर्डात, पलीकडची दुसऱ्यात. नाली तुंबली की आमचा पार्षद, म्हणजे तुमच्याकडचा नगरसेवक, म्हणे ती पलीकडची. त्यांचा म्हणे अलीकडची. घाण पाणी मात्र न चुकता शिरायचं पलीकडच्या अल्पनाच्या ओसरीत. तिथे तिचा शिवणक्लास. पोरी सलवारी वर खोचून मशीनवर बसायच्या, मग एकेक करून यायच्या बंद झाल्या. आणखी एक पावसाळा असा गेला तर क्लास बंद करणार, असं अल्पनाने सांगून टाकलं होतं.

अशात वॉर्डांच्या नव्या हद्दींचा मसुदा निघाला आणि लोकांकडून हरकती मागवल्या गेल्या. मसुद्यातही गल्ली दुभंगलेलीच. मास्तर चवताळले. "आपण आपला नकाशा देऊ," म्हणाले. "सगळी गल्ली एका वॉर्डात. नाली एक, तर पार्षदही एक!" मग काय, टेप घेऊन रस्ते मोजत फिरले, घरोघरी माणसं किती ते विचारत सुटले. मलाही विचारलं, जसं काही त्यांना ठाऊकच नव्हतं.

रविवारी सगळ्यांना सह्या करायला अंगणात बोलावलं. मास्तरांच्या पत्नी भवानीबाईंनी पोहे केले, वर भरपूर सेव. नकाशा खरोखर देखणा होता. देऊळ, पिंपळ, हातपंप, काही सुटलं नव्हतं. अल्पनाने वाकून पाहिलं आणि तिला हसूच फुटलं.

"काका, ये क्या! आम्ही तर अजून उस पारच आहोत!"

आम्ही सगळे वाकलो. हद्दीची लाल रेघ गावभर छान वळत आली होती आणि आमच्या गल्लीत शिरून रस्त्याच्या बरोबर मधोमध गेली होती.

आता देवास काय आहे ते सांगायला हवं. एके काळी या एका गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. त्यांची हद्द आमच्या रस्त्याच्या मधून जायची. मास्तरांचे वडील थोरल्या पातीच्या चाकरीत. राज्यं जाऊन जमाना झाला, तरी मास्तर भाजी आणायला पलीकडे निघाले की "धाकट्या पातीत जाऊन येतो" असंच म्हणतात. नकाशा काढतानाही त्यांचा हात आपसूक तिथूनच फिरला.

मास्तर कानापर्यंत लाल झाले. "मी कुठे ओढली? ती होतीच तिथे," म्हणाले, आणि मग स्वतःच खो-खो हसत सुटले. मला त्यांची फार माया वाटली.

रेघ पुसली, पलीकडची घरं आत घेतली, तर वॉर्ड फुगला. माणसं सगळ्या वॉर्डांत साधारण सारखी हवीत, नाहीतर इथल्या मताची किंमत तिथल्यापेक्षा कमी. म्हणजे कुणीतरी बाहेर पडायला हवं होतं. गल्लीच्या टोकाच्या ओळीचं पाणी मागच्या रस्त्याला जातं, म्हणून मास्तरांनी ती ओळ काढली. त्या ओळीत पहिलं घर त्यांचं आणि दुसरं माझं.

मी कडाडून भांडले. ओळीतल्या इतरांनी कुरकुर करत का होईना, होकार दिला. भवानीबाईंनी मात्र बोलणंच टाकलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: लग्न होऊन या गल्लीत आले, दर निवडणुकीला इथल्या बायकांबरोबर मत द्यायला गेले, आता उतारवयात मला परक्या बूथवर धाडता?

हरकतींच्या सुनावणीला मास्तर, भवानीबाई, मी आणि अल्पना गेलो. साहेब तरुण होते, शांतपणे ऐकून घेत होते.

"मास्टर साहब, नक्शा तो बढिया है. पर जो बाहर जा रहे हैं, वो राजी हैं?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड वाकडं ठेवूनच मान हलवली.

"और आपका मकान?"

"मैं तो, साहब..." म्हणत मास्तर मागे वळून बघायला लागले.

भवानीबाई पदर सावरत उठल्या. "इनसे क्या पूछते हो? मकान मेरे नाम पर है."

लोक हसले. अल्पनाचा चेहरा तेवढा पडला. तिच्याकडे भवानीबाई क्षणभर बघत राहिल्या.

"लिख लो साहब, राजी हूँ. मैं तो बूथ तक चल के चली जाऊँगी. नाली का पानी इस लडकी के घर आता है, मेरे नहीं."

हद्द आम्ही मागितली तशीच मंजूर झाली. नाली आता वेळेवर साफ होते, अल्पनाच्या क्लासला जागा पुरत नाही. निवडणुकीला मी आणि भवानीबाई मागच्या रस्त्याने परक्या बूथवर गेलो. वाटभर त्या भेटेल त्याला सांगत होत्या, की हा नकाशा त्यांनी पास करून आणला.