गाडी जेवेपर्यंत

वहिनींचा फोन आला तेव्हा मी पुण्याच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. समोर एका चिनी कंपनीच्या नव्या गाडीचा व्हिडिओ चालू होता. बॅटरी भरायला लागलेली मिनिटं पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होती आणि आमचे साहेब लोक कुणी मुस्काटात मारल्यासारखे बघत बसले होते. मी दोनदा फोन कापला. तिसऱ्यांदा बाहेर जाऊन घेतला. "भावजी, हे गेलं... भाकरी थापता थापता गेलं." मी भिंतीला टेकून उभा राहिलो, मग आत जाऊन उरलेली मीटिंग पूर्ण केली. हे सांगायची लाज वाटते. पण अण्णांबद्दल लिहायचं तर खोटं लिहून चालणार नाही.

अण्णा म्हणजे माझे थोरले मावसभाऊ. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी सैन्यात, लंगरात स्वयंपाक केला. रिटायर होऊन आले आणि कराडच्या पुढं, कासेगावच्या अलीकडे, हायवेला लागून असलेला उसाचा एक कोपरा मोकळा करून त्यांनी खानावळ टाकली. अख्खा मसूर, खर्डा आणि भाकरी, एवढंच मिळायचं. भाकरी मात्र गिऱ्हाईक टेकल्यावरच थापायची, आधी करून ठेवायची नाही, हा त्यांचा कायदा. वहिनी म्हणायच्या, "दहा-बारा आधी करून ठेवू की." अण्णा उसळायचे. "गार भाकरी मी जवानाला कवा वाढली न्हाई, गिऱ्हाइकाला वाढू व्हय?" हायवेवरच्या माणसाला कसली सवड! भाकरीला किती वेळ, विचारायचा आणि पुढच्या फूड मॉलला वडापाव खायला जायचा.

मग मी अक्कल शिकवायला गेलो. मी गाड्यांच्या कंपनीत इंजिनीअर, मला सगळं कळत होतं! म्हटलं, "अण्णा, दारात चार्जर बसवून घ्या. इलेक्ट्रिक गाडी भरायला चाळीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ माणूस जाणार कुठं?" अण्णांनी नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "आन् फुडं मिनटं कमी झाली तर रं?" मी हसलो. म्हटलं, "दहा वर्षं तरी काळजी नको." त्या वेळी माझ्या टेबलावर नेमकं तेच काम होतं, बॅटरी तापू न देता तिच्यात वीज जास्त वेगानं कशी भरायची. हे मी त्यांना सांगितलं नाही.

चार्जर आला आणि खानावळ खरंच भरली. अण्णांनी स्वतःच्या हातानं फळा रंगवला. 'गाडीला ४० मिनिटं. गाडी जेवेपर्यंत तुम्हीही जेवा.' गाडीत प्लग बसल्याचा खट्ट आवाज आला की अण्णा तवा चढवायचे. मुंबईची, बेंगळुरूची माणसं बाकावर मांडी घालून बसायची. अण्णा ताटाशी उभे राहून "घ्या, अजून एक घ्या, गाडीचं हुतंय अजून" म्हणायचे. निवृत्तीनंतर इतकं खूश मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

दहा वर्षं कसली, धड दोनसुद्धा गेली नाहीत. कोरियावाल्यांनी मिनिटं उतरवली की जर्मनांची झोप उडायची, जर्मनांनी उतरवली की चीनवाले आणखी खाली, आणि त्या सगळ्यांच्या मागं धापा टाकत आम्ही. अण्णांच्या दारातलं मशीन काढून मोठं बसवलं गेलं. चाळीसावर पांढरा रंग मारून अण्णांनी पंचवीस लिहिलं, मग अठरा, मग बारा. फळ्यावर खोटं लिहायचं नाही, हाही त्यांचा कायदाच. दर वेळी आकडा मलाच फोन करून विचारायचे. आणि मी, गाढव, उत्साहानं सांगायचो.

शेवटचा भेटलो तो दोन परदेशी पाहुण्यांना घेऊन. नव्या गाडीची चाचणी होती. खट्ट झालं, अण्णांनी तवा चढवला, पीठ मळायला घेतलं. पहिली भाकरी तव्यावर पडली तोवर पाहुण्यांनी घड्याळ बघून एकमेकांचे हात हातात घेतले, माझीही पाठ थोपटली. गाडी भरली होती. "अण्णा, पुढच्या खेपेला नक्की," मी ओरडलो. आरशात अण्णा दिसले. हातात कागदात गुंडाळलेली भाकरी घेऊन ते गाडीमागं चार पावलं आले होते. काच वर होती. खाली करायला किती वेळ लागला असता?

त्यानंतर आठवड्याभरात त्यांचा फोन आला. "इंजिनेर, बारा फुसून ठेवल्यात. आता किती लिवू?" मी म्हटलं, "थांबा अण्णा, नवा आकडा येतोय. सांगतो." तो सांगायच्या आधीच ते गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर होतं, आधीच दाखवायला हवं होतं. असेल तसंच. मी गाड्यांवर खापर फोडत नाही. मला फक्त माझी लबाडी गिळता येत नाही.

तेरावा उरकल्यावर मी पुन्हा गेलो. सवयीनं गाडीला प्लग लावला. खट्ट आवाज झाला आणि आत वहिनी उठल्या, तवा चढवला. मला बघून त्या ओशाळल्या. मीही मान खाली घातली. भिंतीशी फळा टेकवलेला होता. 'गाडीला' आणि 'मिनिटं' यांच्या मधे रंगाचे थर साचून फुगवटा आलेला, वर काहीच नाही. शेजारच्या डब्यात ब्रश वाळून लाकूड झालेला. वहिनी म्हणाल्या, "तुमच्या फोनची वाट बघत हुते. काय लिवायचं हितं?"

आमचा आकडा नऊवर आला होता. ऑफिसात पेढे वाटले होते, मीही खाल्ला होता.

"चाळीस लिहा, वहिनी," मी म्हणालो.

"खोटं न्हाई लिवायचं, भावजी. त्यास्नी चालायचं न्हाई."

तेवढ्यात मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला. "ओ साहेब, झाली की तुमची. काढा!" मी गाडी बाजूला घेतली आणि परत येऊन बाकावर बसलो. वहिनींनी पहिली भाकरी ताटात टाकली. फळ्यावरची जागा अजून पांढरीच आहे. त्या आकडा विचारतात. मी अजून सांगितलेला नाही.