इंटरवलला पडलेला हिरो

आमच्या गल्लीत सिनेमा कुणालाच चुकवता येत नसे. शुक्रवारी कापडाचे लूम बंद, म्हणून नूरुद्दीनचाचा व्हिडिओ हॉलमध्ये मारामारीचा सिनेमा पाहून यायचे आणि घरी हबीबाचाचींना तो करून दाखवायचे. जन्मभर लूमच्या खडखडाटात ओरडून बोलल्यामुळे त्यांची कुजबुजही नाक्यापर्यंत ऐकू जाई. अंगकाठी अशी, की सदरा हलला तर आत माणूस आहे की वारा, कळू नये. पण उशीला ठोसा लगावला की पाच गुंड आडवे! चाची ओरडायच्या, "गुंड मेले, आता कापूस कोन भरंल?"

चाचांचा नियम एकच. "हिरोनं पयला सपाटून मार खाल्ला पायजे. पडलाच न्हाय तर उठंल काय, कप्पाळ?" म्हणून हिरो रक्तबंबाळ होऊन पडला की ते इंटरवल करत. उरलेला सिनेमा शनिवारी, ड्युटीवरून आल्यावर. तोवर अख्खी गल्ली काळजीत.

२००६च्या उन्हाळ्यात चाचींनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा सगळे काय ते समजले. चाचांनी मात्र स्वतःचा इलाज काढला. सिनेमा तोच, पण आता इंटरवल रोज. पुढचं ऐकायचं तर उद्यापर्यंत राहायला नको? हिरोवर कधी शेजारच्या काल्हेर गावातलं गोदाम कोसळे, कधी ट्रक उलटे. गुंड संपले तेव्हा चाचांनी व्हिलनला तीन भाऊ दिले.

"यवढा मार खाऊन तो जिता हाय?" चाची विचारत.

"तुज्यासारका हट्टी हाय."

एका संध्याकाळी चाची म्हणाल्या, "आज पुरा सांगा. इंटरवल नको."

चाचा उशी छातीशी धरून उभे राहिले. "न्हाय. उद्या."

"मग उद्या उठवा हां त्याला. लई दिवस पडलाय बिचारा."

पहाटे चाची गेल्या.

पुढल्या शुक्रवारी चाचा कबरस्तानात निघाले. आम्ही गल्लीतले दोघे सोबत गेलो, पण फाटकाशीच थांबलो. त्यांनी दुआ केली. हळूच, म्हणजे आम्हाला शब्दन् शब्द ऐकू आला. मग ते कबरीपाशी उभे राहिले, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

"उठला! हबीबा, हिरो उठला बघ!"

पहिला ठोसा हवेत बसला. दुसऱ्यासाठी हात वर गेला आणि तसाच राहिला.

व्हिलनचे तिन्ही भाऊ अजून उभेच होते.